झोक्याची लय, घराची लय

नागपंचमीला नेकनूरसारख्या गावात झाडाला झोके बांधतात. फांदीपासून पाटापर्यंत दोर 3 मीटर असेल, तर झोका जाऊन परत यायला सुमारे साडेतीन सेकंद लागतात. बसणारे पोर हलके असो वा भारी. हा झोक्याचा नैसर्गिक आवर्तकाल. त्याच लयीत आपण हलकेच रेटत राहिलो, तरी झोका चढतो. भलत्या वेळी दिलेला जोराचा धक्का उलट त्याला अडवतो. लय जुळून दोलन वाढणे म्हणजेच अनुनाद.

घरही डुलते. ढोबळ मानाने त्याचा आवर्तकाल मजल्यामागे 0.1 सेकंद धरतात. 19 सप्टेंबर 1985 च्या भूकंपात मेक्सिको शहराखालचा जुन्या सरोवराचा मऊ गाळ सुमारे 2 सेकंदांच्या लयीत हलला. मोठा फटका बसला तो मुख्यतः 6 ते 15 मजली इमारतींना. (तडे गेले की इमारत सैल होते, तिचा आवर्तकाल लांबतो आणि 2 सेकंदांकडे सरकतो!) बुटकी घरे पुष्कळशी वाचली.

मग 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी परिसरात बुटकीच घरे का पडली? तिथे अनुनादाला दोष देणे आम्हाला पटत नाही. दगड-मातीच्या जाड भिंती एकमेकींना सांधलेल्या नव्हत्या आणि वर मातीचे जड धाबे होते. अशा घराला हवा असतो सगळ्या भिंतींना बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा.