परतीचं पाकीट

एखादी शिक्षणपद्धती टपालखात्याच्या दरपत्रकातून जन्माला येते, यावर चटकन विश्वास बसत नाही. पण दूरशिक्षणाच्या मुळाशी खरोखरच एक दरपत्रक आहे. पूर्वी ब्रिटनमध्ये पत्र जितकं लांबून येई तितके पैसे जास्त, आणि ते बहुतेकदा पत्र घेणाऱ्यानेच मोजायचे. गावोगावचे विद्यार्थी गृहपाठ पाठवू लागले असते, तर मास्तरांचं दिवाळंच निघालं असतं! जानेवारी १८४०मध्ये नवा दर आला. अर्ध्या औंसापर्यंतचं पत्र देशात कुठेही एका पेनीत जाणार, आणि ती पेनी पाठवणाऱ्याने आधीच भरायची. शेजारचं गाव आणि देशाचं दुसरं टोक, दोन्ही टपालाला सारखीच.

बाथ गावच्या आयझॅक पिटमनने हे हेरलं. आपली लघुलिपी त्याने पाकिटात मावेल अशा एका छापील पानावर बसवली. शिकणाऱ्याने बायबलमधला उतारा लघुलिपीत उतरवून धाडायचा आणि पिटमनने चुका दुरुस्त करून तो परत पाठवायचा. पान पाठवण्यात नवल नव्हतं, पुस्तकं शेकडो वर्षं तेच करत होती. नवल आहे ते त्या परतीच्या पाकिटाचं. वर्गात शेवटच्या बाकावर लपून वर्ष काढता येतं, टपालाच्या शाळेत शेवटचा बाकच नसतो.

पुढे साधनं बदलली, तरी परतीची वाट शोधण्याची धडपड तीच राहिली. ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जला १९५१मध्ये रेडिओवरची शाळा सुरू झाली. विमानाने येणाऱ्या डॉक्टरला बोलावण्यासाठी दूरदूरच्या वस्त्यांवर जे रेडिओ संच होते, त्यांवरूनच धडे जाऊ लागले. सुरुवातीला शिक्षक बोलत आणि मुलं ऐकत. लवकरच प्रश्नोत्तरांचा वेळ आला. शेकडो किलोमीटरवरच्या घरातून एखादं पोर शंका विचारी आणि ती सगळा वर्ग ऐके.

स्वीडनच्या बर्ये होल्मबर्ग यांनी तर छापील पुस्तकालाच बोलतं करायला सांगितलं. दूरशिक्षणाचं पुस्तक म्हणजे शिकणाऱ्याशी मारलेल्या गप्पा वाटल्या पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पुस्तकं उघडलीत तर हे दिसेल. मजकूर मध्येच थांबतो, ‘स्वयं-अध्ययन’चे प्रश्न विचारतो, उत्तरं पुढे देतो. १९८९मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी ‘पूर्वतयारी’चा दरवाजा उघडला. तो ओलांडून बारावी न झालेल्यालाही पदवीकडे जाता येई. नोकरी, शेती, चूल सांभाळून शिकता येणं हा फायदा कागदावर एका ओळीचा, पण ज्याची शाळा सुटली त्याला विचारा.

‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्यांचं ब्रीद मला आवडतं. अडचण एवढीच की गंगा एकाच दिशेने वाहते! गाइडवरून उतरवलेला गृहपाठ, त्यावर न वाचताच टाकलेला आकडा, मग गठ्ठा कपाटात. असं जिथे होतं तिथे पिटमनचं पाकीट वाटेतच हरवलेलं असतं. हाताने करायच्या विद्यांचं दुखणं वेगळंच, रंधा कसा धरायचा हे वाचून कळत नाही. आणि २०२०मध्ये कोरोनामुळे शाळा मोबाइलवर आली, तेव्हा तर पेनीने पुसलेलं अंतर पुन्हा उगवलं. घरात मोबाइल एकच, तोही बाबांबरोबर कामावर. हाती आला तर रेंजसाठी टेकडी चढायची.

मग हे शिक्षण जोखायचं कसं? अमेरिकेच्या थॉमस रसेल यांनी १९९९मध्ये ३५५ अभ्यासांचं संकलन केलं. त्यांचा सूर असा, की समोर बसून शिकलेले आणि दुरून शिकलेले यांच्या निकालांत फारसा फरक नाही. ऐकायला छानच, पण यात एक मेख आहे. परीक्षेचे गुण परीक्षेपर्यंत टिकलेल्यांनाच मिळतात. मधेच सोडून गेलेल्यांचा त्या सरासरीत मागमूसही नसतो.

बरं, गळतीवरूनच निकाल लावावा तर तेही फसवं. २०११मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोफत ऑनलाइन वर्गात सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावं घातली, आणि शेवटपर्यंत पोहोचले वीस हजारांच्या थोडे वर. दर पाहिला तर नापास. पण वीस हजार विद्यार्थी म्हणजे वर्गात उभं राहून शिकवणाऱ्याला एक जन्म पुरायचा नाही! शिवाय नाव घालणाऱ्यांत नुसते डोकावून जाणारेही असणारच. वाचनालयात पुस्तक चाळून परत ठेवणाऱ्याला आपण नापास म्हणत नाही.

म्हणून कुणी एखाद्या शिक्षणक्रमाबद्दल सल्ला मागितला, की मान्यता आणि फीची चौकशी झाल्यावर मी आणखी एक काम सांगतो. मागच्या वर्षीच्या कुणा विद्यार्थ्याकडून त्याचा तपासलेला गृहपाठ मागून घ्या, आणि समास बघा.