बेने इस्राएल : मराठीतून घडलेला समाज

1874 साली पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यातून एक हग्गादा बाहेर पडली. मिसरच्या गुलामगिरीतून सुटल्याची कथा पेसाखच्या रात्री घरोघर वाचली जाते, तिची ही पोथी. बेने इस्राएल या मराठी ज्यू समाजातल्या मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनियल तळकर यांनी ती हिब्रूसोबत मराठीत प्रसिद्ध केली. आतल्या चित्रांत सणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका दिसतात. त्या जमिनीवर बसल्या आहेत, अंगावर लुगडी आहेत आणि केसांचे अंबाडे घातले आहेत. तीन हजार वर्षांपूर्वीची सुटकेची कथा चित्रकाराने थेट मराठी घरात आणून बसवली आहे.

ज्यू समाजाचं सामूहिक भविष्य कसं असावं, हा प्रश्न जगभर लेखक-कलावंतांनीही हाताळला आहे. थिओडोर हर्झल यांनी 1896 मध्ये ज्यू राष्ट्राची मागणी पुस्तिकेतून मांडली आणि 1902 मध्ये त्याच स्वप्नासाठी कादंबरी लिहिली. या चर्चेत मराठी ज्यूंचं नाव क्वचितच निघतं. ते मानाने निघायला हवं. कारण परंपरा नव्याने रचली की समाजाला उद्या मिळतो, हे बेने इस्राएलांनी मराठीतच करून दाखवलं आहे.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, अशी त्यांची मूळकथा आहे. पुढे हा समाज कोकणात घाण्यावर तेल गाळू लागला. शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. पेणकर, रोहेकर, केहिमकर, दिवेकर ही आडनावं गावांवरून आली. सणही मराठी झाले : नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. 1796 मध्ये सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. समाज त्याला मशीद म्हणे. मस्जिद बंदर स्थानकाच्या नावात ती आठवण आजही आहे.

एकोणिसाव्या शतकात या समाजाने स्वतःला नव्याने उभं केलं. जॉन विल्सन या मिशनऱ्याने 1832 मध्ये त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. त्यामागे धर्मप्रसाराचा हेतू होता. समाजाने विद्या घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. हाईम सॅम्युअल केहिमकरांनी 1875 मध्ये मुंबईत शाळा काढली आणि समाजाचा इतिहास लिहिला. तो 1937 मध्ये तेल अवीवला छापला गेला.

या सगळ्यात मला सर्वात मोलाचं वाटतं ते कीर्तन. 1880 मध्ये बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं सुरू केली. गोदाकाठी, देवळाच्या सभामंडपात कीर्तन ऐकत वाढलेल्या नाशिककराला तो साचा लगेच ओळखू येईल. पदं आहेत, साक्या-दिंड्या आहेत, मध्ये निरूपण आहे. फक्त आख्यानात अब्राहाम, योसेफ आणि मोशे आहेत. हिब्रू न कळणाऱ्या बायका-मुलांपर्यंत धर्मकथा पोचल्या त्या अशा, ओळखीच्या चालींवर बसून. पुढे या गाण्यांचा वसा मुख्यतः बायकांनी चालवला.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात 20,000च्या घरात असलेला हा समाज आज 5,000च्या आत आला आहे. बहुसंख्य लोक इस्राएलमध्ये, लोद, रामला, दिमोना, अश्दोद अशा गावांत स्थिरावले. तिथे त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली गेली आणि लग्नं अडवली गेली. समाज रस्त्यावर उतरला आणि 1964 मध्ये त्याला पूर्ण मान्यता मिळाली. एवढं सोसूनही मराठी सुटली नाही. नोहा मस्सील यांनी तिथून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवलं. महाराष्ट्र दिनही तिथे साजरा होतो.

आजची निर्मिती तीन-चार दिशांनी चालली आहे. मुंबईत वाढलेल्या आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या सिओना बेंजामिन आता अमेरिकेत राहतात. त्यांच्या चित्रांत बायबलमधल्या स्त्रिया निळ्या कांतीच्या होऊन येतात. लघुचित्रशैली आणि ज्यू कथा एकाच चौकटीत नांदतात. अहमदाबादच्या एस्थर डेव्हिड यांच्या ‘बुक ऑफ रेचल’ या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त कादंबरीत कोकणातली एकटी राहिलेली म्हातारी सिनेगॉग सांभाळते. शीला रोहेकरांनी ‘मिस सॅम्युएल : एक यहूदी गाथा’ ही कादंबरी हिंदीत लिहिली. त्यांच्या आधी कवी निसिम इझिकेल यांनी वृंदा नाबर यांच्यासोबत इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या होत्या.

विधींचंही तसंच. मलिदा या त्यांच्या विधीच्या ताटात गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं असतात. समोर एलियाहू हन्नाबीचं नाव घेतलं जातं. नवस फेडताना, लग्नाच्या निमित्ताने, तू बिश्वात या झाडांच्या सणाला हे ताट आजही सजतं. कोकणचा पोहा आणि इस्राएलचा प्रेषित एका ताटात आणणारा हा विधी जगातल्या इतर ज्यूंकडे नाही.

2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. तो आवश्यकच होता, पण दर्जाने गाणी वाचत नाहीत. त्यासाठी काम करावं लागेल. एकोणिसाव्या शतकातली मराठी ज्यू पुस्तकं संगणकावर आणून सर्वांना खुली करावीत. ज्येष्ठ स्त्रियांकडून कीर्तनाच्या चाली ध्वनिमुद्रित कराव्यात. मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात राजपूरकर आणि अष्टमकर यावेत. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या 1840 पासूनच्या संस्थांनी या विषयावर व्याख्यानमाला भरवाव्यात आणि कीर्तन महोत्सवांनी या आख्यानांना एक संध्याकाळ द्यावी.

हे उपकार म्हणून करायचं नाही. ही पोथी, हे कीर्तन आणि हे ताट मराठी संस्कृतीचाच ऐवज आहे. बेने इस्राएलांचा उद्या लोदमध्ये घडेल, न्यू जर्सीत घडेल. त्यातला मोठा वाटा मराठीत घडावा, आणि तो घडवायला आपण मराठी वाचकांनी त्यांच्या शेजारी बसावं, एवढंच मागणं आहे.