स्थावर घरांचा प्रवास

घर म्हणजे स्थावर मालमत्ता, असें कायदा सांगतो आणि व्यवहारही तेंच मानतो. परंतु स्वीडनच्या राजधानींत, स्टॉकहोम शहरांत, एका टेकडीवर सुमारें दीडशें इमारती उभ्या आहेत व त्यांतील बहुतेक दूरदूरच्या खेड्यांतून तेथें आल्या आहेत. या स्थळाचें नांव स्कान्सेन.

त्याचे संस्थापक आर्तूर हाझेलियस यांनीं १८७२ सालीं डालार्ना प्रांतांत प्रवास केला. ग्रामीण पोषाख व कारागिरी झपाट्यानें लोपत असल्याचें पाहून त्यांनीं जुन्या वस्तु जमविल्या आणि १८७३ सालीं त्यांचें संग्रहालय उघडलें. परंतु कपाटांतील भांड्यांवरून घर कसें होतें, हें कळत नाहीं. म्हणून १८८५ सालीं त्यांनीं मोरा भागांतील एक लांकडी घरच विकत घेतलें आणि ११ ऑक्टोबर १८९१ रोजीं स्कान्सेन लोकांस खुलें झालें. शेजारच्या नॉर्वेंतही गोल गांवचें मध्ययुगीन लांकडी चर्च १८८४-८५ सालीं राजे दुसरे ऑस्कर यांच्या खर्चानें आजच्या ओस्लोजवळ नेऊन उभारण्यांत आलें होतें.

हें साधतें कसें? तिकडील जुन्या घरांच्या भिंती ओंडके एकावर एक रचून व कोपऱ्यांत खांचा पाडून बांधलेल्या असतात. प्रत्येक ओंडक्यास क्रमांक देऊन भिंत उतरवावी आणि नव्या जागीं त्याच क्रमानें रचावी.

येथें एक आक्षेप येतो व तो खरा आहे. घर आलें, तरी त्याचें शेत, नदी आणि शेजार मागेंच राहतो. म्हणून जी वास्तु आपल्या जागीं जगूं शकते, ती हलवूं नये. परंतु सेग्लोरा गांवच्या चर्चची गोष्ट वेगळी होती. १७३० च्या सुमाराचें हें लांकडी चर्च, गांवानें विसाव्या शतकाच्या आरंभीं नवें दगडी चर्च बांधल्यावर, निरुपयोगी ठरलें. १९१६ सालीं तें स्कान्सेनला हलविण्यांत आलें. आज तेथें विवाह लागतात.

शिक्षणाच्या दृष्टीनें खरा लाभ याच्याही पुढचा आहे. स्कान्सेनमध्यें त्या काळच्या पोषाखांतील माणसें चूल पेटवितात, हातांनीं जुनीं कामें करून दाखवितात. ठेंगण्या दारांतून वांकून आंत गेलेल्या शहरी मुलास एका अंधाऱ्या खोलींत सारें कुटुंब हिंवाळा कसा काढीत असे, हें पुस्तकाविना उमगतें. मात्र हें घर कोठून आणि कां आलें, हेंही त्याला तेथेंच सांगितलें पाहिजे. नाहींतर राहील तें केवळ जुनें लांकूड.