कॉर्डचे नाव संगणक कसे ठरवतो?

पाश्चात्त्य संगीतात एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या समूहास कॉर्ड म्हणतात. ‘सिबेलियस’, ‘डोरिको’ यांसारखी स्वरलेखनाची सॉफ्टवेअर्स लिहिलेल्या स्वरांमधील अंतरे तपासून कॉर्डचे नाव सुचवितात. मात्र सी, ई, जी आणि ए या चार स्वरांना ‘सी सिक्स’ व ‘ए मायनर सेव्हन’ ही दोन्ही नावे लागू पडतात. सी तळाशी असल्यास सहसा पहिले नाव योग्य ठरते, ए तळाशी असल्यास दुसरे. तरीही आधीच्या व पुढच्या कॉर्डचा संदर्भ पाहूनच अंतिम निर्णय घ्यावा लागतो. केवळ नावे वाचून साथ करणारा बास गिटारवादक नावातील मूळ स्वर वाजवितो. नाव चुकल्यास रचनेचा पायाच बदलतो. त्यामुळे सॉफ्टवेअरने सुचविलेले नाव संगीतकाराने स्वतः तपासून घेणे इष्ट ठरते.