ड्रम काढून डिस्क बसवू का?

आजचा प्रश्न: शंभर सीसीच्या गाडीला पुढे डिस्क बसवावी का?

मी फर्दापूरचा. अजिंठ्याहून घाट उतरला की आमचं गाव. एकदा बाबांना मागे बसवून उतरत होतो, पूर्ण घाटभर पुढचा ब्रेक दाबून धरलेला. शेवटच्या वळणांवर लिव्हर थेट मुठीला टेकला, गाडी काही थांबेना. खालचा गिअर टाकला, तेव्हा कुठे सावरली.

झालं काय? ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब जातो. वर लायनरची पकडही कमी होते. डिस्क उघड्या हवेत फिरते, लवकर निवते. म्हणून घाटात ती सरसच.

पण डिस्क म्हणजे नुसती थाळी नव्हे. कॅलिपर बसेल असा फोर्कचा खालचा भाग, वेगळा हब, मास्टर सिलिंडर, होज, हे सगळं जुळणारंच लागतं. वेल्डिंग करून कॅलिपर अडकवून देणारे भेटतील, त्यांना लांबूनच हात जोडा. गाडी एप्रिल 2019 नंतरची असेल तर बहुधा सीबीएस असेल, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही लागतो. ती जोडणी तोडू नका.

मी काय केलं? नवे ब्रेक शू, नवी केबल, पुढे चांगला टायर. आणि घाट दुसऱ्या गिअरमध्येच.

डिस्क बसवलीच, तर ब्रेक ऑइल वेळच्या वेळी बदला. ते हवेतली ओल शोषतं. उतारावर उकळलं, की लिव्हर पुन्हा मुठीलाच!