आडात असेल तरच पोहऱ्यात

दिवाळी सरली की उजनीच्या फुगवट्यावर पाहुणे उतरू लागतात. आधी चक्रवाक, थापट्या, तलवार बदके, पट्टकादंब. पुढे पाणी ओसरून चिखलाचे काठ उघडे पडले की रोहितांचे थवे. भिगवणजवळच्या कुंभारगावातून पहाटे सुटणाऱ्या होड्यांमध्ये हल्ली दुर्बिणींइतकेच लांब नळ्यांचे कॅमेरे दिसतात. २००-५०० किंवा १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स हाताशी असते, तरी बहुतेकांची तक्रार एकच: पक्षी फ्रेममध्ये लहान येतो. दिवाळीच्या सवलतीत ६०० मिलिमीटरची मोठी प्राइम लेन्स काही परवडत नाही; ती लाखांच्या घरातली खरेदी. मग नजर जाते ती लेन्स आणि बॉडी यांच्यामध्ये बसणाऱ्या मूठभर आकाराच्या नळीकडे. तिचे नाव टेलिकन्व्हर्टर, छायाचित्रकारांच्या तोंडी ‘टीसी’ आणि कॅननच्या भाषेत ‘एक्स्टेंडर’.

ही नळी घ्यावी का, आणि घ्यायची तर १.४ एक्स की २ एक्स, हा प्रश्न वाटतो तितका बजेटचा नाही. त्याचे उत्तर आपल्या लेन्समध्ये आधीपासूनच लिहिलेले असते.

नळीच्या आत काय घडते

कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील गणिती पीटर बार्लो यांच्या नावाने ओळखले जाणारे भिंग १८३० च्या दशकात दुर्बिणीत वापरले गेले. वस्तुभिंगाकडून एकत्र येणारे किरण ते थोडे फाकवते, म्हणून प्रतिमा मोठी होते. हौशी आकाशनिरीक्षक आजही ‘बार्लो’ वापरतात. टेलिकन्व्हर्टर हा त्याचाच सुधारलेला वारसदार. लेन्सने तयार केलेल्या चित्राचा मधला भाग तो सेन्सरभर पसरवतो.

पसरवतो, हे महत्त्वाचे. निकॉनची २००-५०० एफ/५.६ ही लेन्स उदाहरणादाखल घेऊ. २०१५ मध्ये आलेली ही लेन्स वापरणारे पक्षी-छायाचित्रकार पुष्कळ आहेत. ५०० ला ५.६ ने भागले की सुमारे ८९ मिलिमीटर येतात. प्रकाश आत येण्याच्या खिडकीची ही रुंदी. १.४ एक्स लावल्यावर लेन्स ७०० मिलिमीटरची होते, पण खिडकी तेवढीच राहते. ७०० भागिले ८९ म्हणजे जवळपास ८. म्हणून एफ/५.६ चे एफ/८ होते, एक स्टॉप जातो. २ एक्स लावला तर लेन्स १००० मिलिमीटर एफ/११ होते आणि दोन स्टॉप जातात.

व्यवहारात याचा अर्थ असा. उडत्या पक्ष्यासाठी १/२००० शटर ठेवून सकाळच्या उन्हात आयएसओ ८०० पुरत असेल, तर १.४ एक्सला १६०० आणि २ एक्सला ३२०० लागेल. हे आकडे पाहून पुष्कळजण बिचकतात. पण पक्ष्याकडून येणारा प्रकाश तेवढाच असतो, तो फक्त जास्त पिक्सेलवर वाटला जातो. टीसीशिवाय काढलेला फोटो कापून पक्षी तेवढाच मोठा केला, तर नॉइज जवळपास सारखाच दिसेल. तेव्हा खरी तुलना ‘टीसी की टीसीशिवाय’ अशी नसून ‘टीसी की क्रॉप’ अशी करावी लागते.

क्रॉपशी सामना

५०० मिलिमीटरवर काढलेला फोटो ७०० मिलिमीटरइतका कापला की जवळजवळ निम्मे पिक्सेल उरतात. ४५ मेगापिक्सेलच्या बॉडीत त्यातले सुमारे २३ मेगापिक्सेल शिल्लक राहतात. ए-३ आकाराच्या उत्तम छपाईला १७-१८ पुरतात. अशा बॉडीवर १.४ एक्सचा फायदा मर्यादित असतो. २०-२४ मेगापिक्सेलच्या बॉडीत मात्र क्रॉपनंतर १०-१२ च उरतात, तिथे टीसीला काम आहे.

यात पिक्सेलचा आकारही येतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा असतो, तर तेवढ्याच मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर ४ मायक्रॉनच्या आसपास. बारीक पिक्सेल लेन्सने दिलेला तपशील आधीच टिपून घेतात, मग टीसीला नवे काही सापडत नाही. मोठ्या पिक्सेलच्या फटीतून निसटणारा तपशील मात्र तो पकडून देतो.

पण तो तपशील मुळात लेन्सने द्यायला हवा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? लेन्सच्या कडांवरची रंगीत झालर, पूर्ण उघड्या अॅपर्चरवरचा मऊपणा, हे दोषही पक्ष्याबरोबरच १.४ पट किंवा दुप्पट होतात. बहुतेक स्वस्त झूम लेन्स सर्वांत लांब टोकालाच ढिल्या पडतात, आणि आपल्याला टीसी हवा असतो तोही नेमका त्याच टोकाला.

फोकसचा अडसर

डीएसएलआर वापरणाऱ्यांसाठी निर्णय इथेच होतो. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकस ठरवणारा वेगळा सेन्सर लेन्सच्या दोन विरुद्ध कडांकडून येणाऱ्या किरणांची तुलना करतो. तो साधारण एफ/५.६ गृहीत धरून बनवलेला असतो; खिडकी त्याहून अरुंद झाली की कडेचे किरण त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि लेन्स पुढेमागे घुटमळत राहते. नंतरच्या काही बॉडींमध्ये एफ/८ ची सोय आली. निकॉन डी-५०० मध्ये १५३ फोकस बिंदूंपैकी १५ एफ/८ वर चालतात, तेही मधल्या भागात. म्हणजे २००-५०० ला १.४ एक्स लावून बसलेला बगळा टिपता येतो, पण फ्रेमच्या कोपऱ्यातून झेपावणारा खंड्या हुलकावणी देतो. २ एक्सवर तर फोकस हातानेच करावा लागतो.

मिररलेस बॉडीने हे गणित बदलले. तिथे फोकस मुख्य सेन्सरवरच होतो. कॅननची आर-५ एफ/२२ पर्यंत ऑटोफोकस करते. त्यामुळे सोनीची २००-६०० एफ/५.६-६.३ किंवा निकॉनची झेड १८०-६०० या लेन्स १.४ एक्सवर ८४० मिलिमीटर एफ/९ होऊनही कामाच्या राहतात. २ एक्सवर त्या १२०० मिलिमीटर एफ/१३ होतात. फोकस होतो, पण ढगाळ सकाळी त्याचा वेग पडतो.

कोणाला कोण चालते

कंपनीचा टीसी कंपनीच्याच प्रत्येक लेन्सला बसतो, हा गैरसमज महागात पडतो. बऱ्याच टीसींचे पुढचे भिंग नळीबाहेर आलेले असते. लेन्सच्या मागच्या बाजूला तेवढी मोकळी जागा नसेल तर काच काचेवर आदळते. कॅननची आरएफ १००-५०० एक्स्टेंडर स्वीकारते, पण झूम ३०० मिलिमीटरच्या पुढे असेल तरच. म्हणजे १.४ एक्सवर ती ४२०-७०० अशी उरते आणि बॅगेत ठेवताना पूर्ण मिटवता येत नाही. कॅननचीच २०१९ ची आरएफ ७०-२०० एफ/२.८ एक्स्टेंडर घेत नाही, २०२४ मध्ये आलेली तिची ‘झेड’ आवृत्ती घेते. सिग्माच्या १५०-६०० स्पोर्ट्सला एल-माउंटवर टीसी चालतो, सोनी ई-माउंटवर चालत नाही. किटबरोबर येणाऱ्या ५५-२५० किंवा ७०-३०० च्या वाटेला तर कंपनीचा टीसी येतच नाही. म्हणून आधी कंपनीच्या संकेतस्थळावरची सुसंगततेची यादी पाहावी आणि दुकानात आपली लेन्स घेऊनच जावे.

जागा आणि वेळ

ताडोबात जिप्सीत बसून टीसी लावणाऱ्याची अनेकदा पंचाईत होते. वाघ रस्त्यावरच येऊन उभा राहतो, आणि २०० पासून सुरू होणारी झूम २८० पासून सुरू व्हायला लागल्याने कान-शेपटी फ्रेमबाहेर जातात. लाल धुळीत तिथल्या तिथे टीसी काढणे म्हणजे सेन्सरवर धूळ ओढवून घेणे.

सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या माळावर चिंकारा दूर असतो, तिथे टीसी हवासा वाटतो. पण ऊन चढले की जमिनीवरची हवा लहरू लागते. त्या लहरी लेन्स जितकी लांब तितक्या मोठ्या दिसतात आणि कुठल्याही किमतीची काच त्यावर उपाय करू शकत नाही. अशा वेळी अंतर कमी करणे किंवा दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला येणे, हेच दोन मार्ग.

टीसीचा एक गुण मात्र दुकानात फारसा सांगितला जात नाही. लेन्सचे किमान फोकस अंतर त्याने वाढत नाही. २००-५०० ही २.२ मीटरवरून ०.२२ पट प्रतिमा देते, १.४ एक्सवर तेवढ्याच अंतरावरून ०.३१ पट मिळते. फुलपाखरे आणि चतुर जवळ गेल्यावर उडून जातात, त्यांच्यासाठी ही जोडी झकास आहे.

मग काय घ्यावे

टीसी स्वीकारणारी ७०-२०० एफ/२.८ असेल तर दोन्ही टीसी वापरता येतात. २ एक्सवर १४०-४०० एफ/५.६ मिळते. मात्र नेहमी ४०० वरच काम असेल तर वेगळी १००-४०० घेणे शहाणपणाचे. एफ/४ च्या लेन्सला १.४ एक्स निर्धास्त लावावा. एफ/५.६ च्या झूमला १.४ एक्स, तोही एफ/८ वर फोकस करणारी बॉडी आणि चांगला उजेड असेल तर. एफ/६.३ आणि त्यापुढच्या झूमवर डीएसएलआर असेल तर टीसीचा नाद सोडावा, मिररलेस असेल तर १.४ एक्सपाशी थांबावे.

पैसे देण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. पुण्या-मुंबईत टीसी भाड्याने मिळतो. वर्तमानपत्राचे छोट्या जाहिरातींचे पान सकाळच्या उजेडात १५-२० मीटरवर भिंतीला चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून लेन्सच्या लांब टोकाला दोन फोटो काढा, एक टीसीशिवाय आणि एक टीसीसह. डीएसएलआर असेल तर या जोडीसाठी फोकसचे सूक्ष्म समायोजन आधी वेगळे करून घ्या, नाहीतर दोष फोकसचा आणि बोल टीसीला असे होईल. पहिला फोटो मोठा करून दोन्हीतली अक्षरे शेजारी शेजारी वाचा. टीसीच्या फोटोत एखादी ओळ जास्त वाचता आली तर तो घ्या. दोन्हींत सारखेच दिसले तर क्रॉप फुकट आहे, आणि वाचलेल्या पैशांत कुंभारगावच्या होडीच्या बऱ्याच फेऱ्या होतात.