मातीचें धरण आणि मालकाचा धर्म

जें मिळालें नाहीं तें मिळविणें याला योग म्हणतात, आणि मिळालेलें राखणें याला क्षेम. धरणाच्या बाबतींत योगाचा समारंभ होतो. क्षेमाची आठवण बहुधा पूर आल्यावरच होते.

इगतपुरीच्या डोंगरांत वर्षाला सुमारें ३,००० मिलीमीटर पाऊस पडतो. तें पाणी घेऊन दारणा नदी गोदावरीकडे धांवते. तिच्यावर याच तालुक्यांत इ. स. १९१६ सालीं पुरें झालेलें धरण शंभरी ओलांडून उभें आहे. त्याचा कांहीं भाग दगडी, कांहीं मातीचा. तें सरकारी असून मुख्यतः कालव्यांकरितां बांधलेलें आहे. तरी पावसाळ्यांत पाणी अडवून बेताबेतानें सोडल्यास खालच्या गांवांवरील पुराचा जोर त्यानें कमी होतो.

मातीचें धरण म्हणजे नुसता मातीचा ढीग नव्हे. पोटांत चिकण मातीचा गाभा, पाण्याच्या अंगास दगडांचें अस्तर, मागील उतारावर गवत, आणि जादा पाणी सुखरूप जाण्यास सांडवा, अशी त्याची रचना असते. थोडा पाझर अशा धरणास असतोच. तो स्वच्छ असून वाढत नसेल तर फारसें भय नाहीं. परंतु गढूळ झाला, कीं पोटांतील माती वाहूं लागली असें समजावें. घुशींचीं बिळें व झाडांचीं मुळें पाण्यास वाट करून देतात. पाणी माथ्यावरून वाहूं लागलें, तर कांहीं तासांत बांध कापला जातो.

खासगी मालकींत ही काळजी कोण घेणार? अमेरिकेंत जॉन्सटाउन शहराच्या वरच्या अंगास असेंच एक जुनें मातीचें धरण होतें. मूळचें सरकारी, पुढें धनिकांच्या एका क्लबानें तें मासेमारी व करमणुकीकरितां घेतलें. तळाचे नळ पूर्वींच काढून विकले गेले होते, ते पुनः बसविले नाहींत. सांडव्यावर मासे अडविण्यास जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजीं अतिवृष्टींत धरण फुटलें आणि २,२०० हून अधिक माणसें मेलीं. क्लबाकडून पीडितांस न्यायालयांतून भरपाई मिळाली नाहीं. आपल्याकडेही २ जुलै २०१९ च्या रात्रीं चिपळूण तालुक्यांतील तिवरे येथील मातीचें धरण फुटून सुमारें वीस माणसें गेलीं. गळतीची तक्रार गांवकऱ्यांनीं आधींच केली होती.

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ अन्वयें, मालक सरकार असो, कंपनी असो वा एखादी व्यक्ति, देखभाल, तपासणी व संकटकालीन योजना यांची जबाबदारी त्याचीच आहे. परंतु हा कायदा १५ मीटरांहून उंच, व कांहीं अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांस लागू आहे. शेतांतील लहान बांध व तळीं त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

येथें आपल्यासारख्या कुटुंबांचा संबंध येतो. सामायिक वाड्याची भिंत 'दुसरा भाऊ पाहील' म्हणून ढांसळते, तशीच सामायिक शेतांतील बांधाची गत होते. मृग लागण्यापूर्वीं घरांतील एका कर्त्या माणसानें बांधावरून चालून यावें, सांडव्यांतील गाळ काढवावा, बिळें बुजवावीं, पाझराचा रंग पाहावा. हा खर्च सर्व भावांनीं वांटून घ्यावा. कारण बांध फुटला तर पाणी हिस्से विचारीत नाहीं, आणि खालीं झोंपलेल्यांचा त्या मालकींत कांहींच वांटा नसतो.